कोनोनिश सोन्याची शीर

कोनोनिश ही स्कॉटलंडच्या हायलँड्समधली सोन्याची एक छोटी खाण, आणि खाण म्हणजे काय तर डोंगरात जवळपास उभी शिरलेली गारेची (क्वार्ट्झची) एकच शीर, जिच्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं चमकतं खनिज) भरपूर आणि सोनं थोडंसं. टिंड्रम नावाचं लहानसं गाव आहे, तिथून काही किलोमीटर नैऋत्येला, ८८० मीटर उंचीच्या बेन खुर्न डोंगराच्या कुशीत. खालून कोनोनिश नदी वाहते, तीच पुढे नावं बदलत बदलत टे होते, म्हणजे स्कॉटलंडमधली सगळ्यात लांब नदी. ही शीर १९८०च्या दशकात सापडली आणि पहिलं सोनं ओतलं गेलं २०२० मध्ये, मधल्या काळात शीर जिथे होती तिथेच होती.

आधी खडकाचं बघू. इथले खडक डालरेडियन नावाच्या मोठ्या गटातले, मुळात समुद्रात साचलेली वाळू आणि चिखल. आयपेटस नावाचा जुना महासागर मिटत गेला, जमिनी एकमेकांवर आदळल्या, आणि सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी हा सगळा गाळ दाबला-तापवला जाऊन त्याचे शिस्ट आणि क्वार्ट्झाइटसारखे खडक झाले. सोनं मात्र त्या धामधुमीत आलेलं नाही, ते बरंच नंतरचं, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचं, जेव्हा डोंगर वर येऊन थंड होत होते आणि आसपास ग्रॅनाइटचे गोळे घुसत होते. जवळच टिंड्रमचा मोठा भ्रंश, म्हणजे जिच्या बाजूने खडक सरकलेत अशी भेग, ईशान्य-नैऋत्य जातो आणि शीरसुद्धा साधारण त्याच दिशेची. भ्रंश हलला की शेजारी भेगा पडतात, भेगांतून खालचं गरम पाणी वर येतं, त्यात सिलिका (जिची गार बनते), गंधक आणि गंधकाला चिकटून विरघळलेलं सोनं असतं. दाब अचानक उतरला किंवा गंधकाने खडकातल्या लोखंडाला धरून पायराइट बनवला की सोन्याला पाण्यात राहायला आधारच उरत नाही आणि ते तिथेच बसतं. हे एकदा नाही तर परत परत झालं, म्हणून शिरेत फुटलेली गार परत गारेनेच सांधलेली दिसते. दोन्ही बाजूंच्या खडकात फेल्डस्पार नावाचं गुलाबी खनिज तयार झालंय, ही गरम पाण्याची खूण.

ते पाणी आणि त्यातलं गंधक नेमकं कुठून आलं, ग्रॅनाइटमधून की डालरेडियन खडकांतूनच, यावर संशोधकांचं एकमत नाही, गंधकाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) दोन्ही बाजूंनी पेपर आलेत.

शिरेत पायराइट सगळ्यात जास्त, त्याच्यासोबत गॅलेना, स्फॅलराइट, चॅल्कोपायराइट, म्हणजे शिसं, जस्त आणि तांब्याची खनिजं. सोनं शुद्ध नसतं, चांदी मिसळलेलं इलेक्ट्रम असतं, आणि बारीक कण पायराइटच्या भेगांत नाहीतर कडेला बसलेले असतात, शिवाय चांदीची टेल्युराइडं, म्हणजे टेल्युरियम या मूलद्रव्याशी जोडलेली चांदी. डोळ्यांना चमकतो तो पायराइट, त्यामुळे हातात दगड घेऊन 'सोनं दिसलं' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीकडे बघत असतो, पण गंमत अशी की खरं सोनं त्याच चुकीच्या गोष्टीला चिकटून असतं. काढता येईल असा साठा धरला तो सुमारे साडेपाच लाख टन, टनामागे ११ ग्रॅमच्या आसपास सोनं आणि ४७-४८ ग्रॅम चांदी. आपल्या भाषेत टनभर दगड फोडला की जेमतेम तोळाभर सोनं. ऐकायला कमी वाटतं पण ११ ग्रॅम हा उत्तम दर्जा आहे, जगातल्या कितीतरी मोठ्या उघड्या खाणी टनामागे एक-दोन ग्रॅमवर चालतात. अडचण दर्जाची नाही, आकाराची. एकूण सोनं भरतं सहा टनांच्या आसपास, आणि आपल्या कोलारच्या खाणींनी शंभरेक वर्षांत ८०० टनांहून जास्त दिलं.

शीर अरुंद असली की दुसरं दुखणं सुरू होतं. तुम्हाला हवा तेवढाच पट्टा काढता येत नाही, माणसं आणि मशिनं आत जायला जागा लागते, सुरुंग लावला की बाजूचा फुकट खडकही पडतो आणि टनामागचं सोनं बघता बघता घटतं. त्यात सोनं शिरेत सारखं पसरलेलं नसतं, एका ड्रिल होलमध्ये भरपूर लागतं आणि शेजारच्यात काहीच नाही, म्हणून नुसत्या ड्रिलिंगवर विसंबून चालत नाही, आत बोगदा घेऊन शिरेच्या बाजूने चालत जाऊन नमुने घ्यावेच लागतात.

टिंड्रमला खाणकाम नवीन नाही. १७४१ मध्ये सर रॉबर्ट क्लिफ्टन यांना इथे शिशाची शीर सापडली आणि पुढे शंभरेक वर्षं शिसं निघत राहिलं. त्या शिरा वेगळ्या, वयाने सोन्याच्या शिरेपेक्षा लहान, आणि त्या लोकांनी समोरच्या डोंगरातल्या सोन्याकडे पाहिलंच नाही. १९८०च्या सुरुवातीला सोनं औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) ८५० डॉलरपर्यंत चढलं होतं, मग जुने भाग नव्याने धुंडाळायची लाट आली, आणि त्यात एनेक्स इंटरनॅशनल या आयरिश कंपनीला ही शीर मिळाली. त्यांनी ड्रिलिंग केलं, डोंगरात किलोमीटरहून लांब बोगदा नेला, पण नंतर भाव घसरत गेले, १९९९ ला तर २५० डॉलरच्या आसपास, आणि एवढ्या छोट्या खाणीचा हिशोब त्या भावाला बसणं शक्यच नव्हतं.

२००७ ला स्कॉटगोल्ड रिसोर्सेस कंपनीने जागा घेतली. तोवर भाव सुधारले होते पण २००२ मध्ये लॉख लोमंड अँड द ट्रॉसॅक्स नॅशनल पार्क झालं होतं आणि शीर आता पार्कच्या हद्दीत. २०१० मध्ये पार्कने परवानगी नाकारली, मुख्य भांडण सोन्याचं नव्हतंच, दगड दळून उरणाऱ्या भुकटीच्या ढिगाचं आणि डोंगराच्या रूपाचं होतं. ढीग कमी करणारा नवा प्लॅन दिल्यावर २०११ ला होकार आला. मग पैसे उभे राहीनात. २०१६ च्या सुमाराला जुन्या बोगद्यातून काढून ठेवलेलं खनिज चाचणी म्हणून दळलं आणि त्यातल्या सोन्याच्या एकेक औंसाच्या चकत्या बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला विकल्या, कारण स्कॉटिश सोन्याची हौस असलेले लोक आहेत. २०१८ ला बदललेल्या प्लॅनला मंजुरी मिळाली, त्यात ओल्या गाळाच्या धरणाऐवजी भुकटी कोरडी करून रचायची होती. दगड दळून जड सोनं पाण्याच्या जोरावर वेगळं करायचं, उरलेलं सोनं फेसाबरोबर सल्फाइडसकट (पायराइटसारख्या गंधकाच्या खनिजांसकट) वर काढायचं आणि तो माल बाहेर पाठवायचा, खाणीवर सायनाइड वापरायचंच नाही असं ठरलेलं.

मालकीची बाजू मजेशीर आहे. स्कॉटलंडमध्ये १४२४ च्या कायद्याने सोन्याच्या खाणी राजाच्या, चांदीच्या बाबतीत तर मोजमापच दिलंय की एक पौंड शिशातून तीन अर्ध्या पेनीइतकी चांदी निघत असेल तर ती खाण राजाची. आजही सोन्यासाठी क्राउनकडून (राजसत्तेकडून) लीज घ्यावी लागते आणि रॉयल्टी भरावी लागते, वरच्या जमिनीच्या मालकाशी करार वेगळा.

३० नोव्हेंबर २०२० ला पहिलं सोनं ओतलं. कोविडचा काळ, पैसा आधीच ताणलेला, आणि उत्पादन ठरवलेल्या आकड्यापर्यंत काही पोचेना. मोठ्या कंपनीचा एक बोगदा फसला तर ती दुसऱ्यातून भरून काढते, इथे सगळं एकाच शिरेवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि तेव्हा सोन्याचा भाव औंसाला २,००० डॉलरच्या आसपास होता.