फवारा रंगकाम (स्प्रे पेंटिंग)

रंगाचे बारीक तुषार करून ते पृष्ठभागावर बसवण्याची पद्धत. मोटारी, लोखंडी कपाटे, लाकडी फर्निचर अशा ज्या वस्तूंवर ब्रशचे फराटे चालत नाहीत, तिथे ती वापरतात. १९२० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ हा झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग आणला आणि मोटार रंगवण्याचे आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. आपल्याकडच्या गॅरेजांत हे नाव अजून चालते.

साध्या गनमध्ये (रंग फवारायच्या पिस्तुलासारख्या साधनात) कॉम्प्रेसरची हवा नोझलपाशी रंगाची धार फोडते. एअरलेस यंत्रात पंप रंगालाच २,००० ते ३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने बारीक छिद्रातून ढकलतो.

गुळगुळीतपणा बराचसा गन हाती घेण्याआधीच ठरतो. फवारा खड्डे झाकत नाही, उलट चकाकीमुळे ते उठून दिसतात. म्हणून खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून मगच प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारावा. रंग थिनरने पातळ करून जाळीतून गाळावा आणि आधी पुठ्ठ्यावर मारून पाहावा. साधी गन पृष्ठभागापासून १५ ते २० सेंमी. अंतरावर, काटकोनात धरतात. नवशिके मनगट फिरवतात. त्याने मधे रंग जाड बसतो आणि कडांना विरळ. सबंध हात सरळ रेषेत सरकायला हवा. ट्रिगर कडेच्या बाहेर दाबायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. गन फार जवळ आली की ओघळ येतात, फार लांब गेली की रंग वाटेतच सुकून खरखरीत बसतो. रंग घट्ट राहिला, तर संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. कोकणातल्या पावसाळ्यात नायट्रोसेल्युलोज रंग हमखास दगा देतो: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि पांढुरकी झाक येते. अशा दिवशी काम थांबवणेच उत्तम. नाइलाज असेल तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर घालतात.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. पेटती विडी किंवा पंख्याच्या साध्या मोटारीची ठिणगीही ती पेटायला पुरते. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हार्डनर (रंग कडक करणारा घटक) मिसळायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगांत आयसोसायनेट हे रसायन असते आणि त्याने दमा जडू शकतो. एकदा बाधा झाली की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते, म्हणून अशा कामाला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच योग्य.

एअरलेसच्या टिपेपुढे (रंग बाहेर पडतो त्या छिद्राच्या टोकापुढे) बोट कधीही धरू नये. रंग कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतल्या पेशी मरू लागतात आणि उशीर झाल्यास बोट कापावे लागते. तातडीने रुग्णालयात जाऊन रंग दाबाने आत गेल्याचे आणि तो कोणता होता हे डॉक्टरांना सांगावे. टिप साफ करण्यापूर्वी पंप बंद करून, नळीतला दाब सोडून, ट्रिगरला लॉक लावतात.