हाताने भरलेल्या बाराची पार्श्वभूमी

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण भागात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) राखणीला ठासणीची बंदूक अजून दिसते. नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे. एका बंदुकीचं माप दुसरीला चालत नाही, हे जुन्या राखणदारांना पक्कं ठाऊक असतं. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीसाठी लोक घरी काडतुसं भरतात, त्यांच्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी हीच जाण आहे.

गोव्यात बंदुकीचं कसब जुनं. आदिलशाहीकडून गोवा घेऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा १५१३ मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने पोर्तुगालच्या राजाला कळवलं, की इथले कारागीर युरोपातल्या बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात. त्या कारागिरांची नावं मात्र उरली नाहीत, याची मला हळहळ वाटते.

बार अंदाजाने भरला जायचा, तोवर त्याचा वेग कुणालाच सांगता येत नव्हता. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये तो मोजायची रीत मांडली: टांगलेल्या लोलकावर गोळी झाडायची आणि लोलक किती मागे गेला यावरून वेग काढायचा. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये हिंदुस्थानातच वारला.

१८६० च्या दशकात पितळी काडतूस आलं. बॉक्सरच्या रचनेत बुडाला मधोमध एकच भोक असल्याने वापरलेली टोपी (दारू पेटवणारी बारीक वाटी) आतून साध्या सुईने ढकलून काढता येते. बर्डनच्या रचनेत बारीक भोकं दोन, म्हणून ते जिकिरीचं. बॉक्सर इंग्रज, पण त्याची टोपी अमेरिकेत रुजली. अमेरिकन बर्डनची युरोपात. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्याला या एका भोकाचा मोठा हातभार आहे.

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ व्हिएयने बिनधुराची दारू केली. वेग वाढला, पल्ला लांबला आणि किरकोळ फरकही जाणवू लागले. वेगात सेकंदाला १५ मीटरचा फरक शंभर मीटरवर कळतही नाही. सहाशे मीटरवर गोळी अर्ध्या वितीहून अधिक वरखाली होते. कारखान्याचं काडतूस त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत बसावं लागतं. एकदा उडालेलं पितळ मात्र आपल्या रायफलीच्या घराचा (काडतूस बसतं त्या पोकळीचा) आकार घेतं, म्हणून खास घडवून घेतलेल्या रायफलीचा मालक तेच पितळ पुन्हा भरतो.

गोव्यात ही वाट पुढे गेली नाही. मुक्तीनंतर भारतीय कायदे आले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. काडतुसं बनवायलाही सरकारी परवाना लागतो. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी एक बंदूक नावानिशी नमूद आहे, ती ठासणीचीच.