साठीनंतर नवशिकं होताना

कापडाचे त्रिकोणी तुकडे जोडून नक्षीदार गोधडी शिवणं हे लांबून बघणाऱ्याला बैठं, निवांत काम वाटतं. ते अवघड आहे हे शिवायला बसल्यावरच कळतं. शिवण कडेपासून बरोबर पाव इंचावर यावी लागते. एखाद्या शिवणीत मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर दिसतही नाही. पण ओळीत बारा तुकडे असले, की शेवटच्या तुकड्यापाशी तो फरक सेंटिमीटरवर गेलेला असतो आणि खालच्या ओळीचे कोपरे वरच्या ओळीशी जुळेनासे होतात. मग उसवा, पुन्हा मोजा, कोणता त्रिकोण उलटा लागला ते शोधा. शिवायचं कापडाच्या उलट्या बाजूने आणि नक्षी उमटणार सुलट बाजूला, त्यामुळे प्रत्येक तुकडा आधी मनातल्या मनात फिरवून बघावा लागतो.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उतारवयात नवं काही शिकल्याने स्मरणशक्तीला फायदा होतो का, हे पाहणाऱ्या प्रयोगासाठी नेमकं हे काम निवडलं. ६० ते ९० वर्षांची २२१ माणसं घेतली. काही जण तीन महिने गोधडी शिवायला शिकले, काही डिजिटल फोटोग्राफी, काही दोन्ही. आणि तेही आठवड्याला पंधरा-सोळा तास, म्हणजे जवळजवळ अर्धवेळ नोकरीच. दुसऱ्या एका गटाने तेवढाच वेळ एकत्र घालवला, सहली काढल्या, गप्पा मारल्या, पण काही अवघड शिकायचं नव्हतं. आणखी एक गट घरी बसून माहितीपट बघणं, संगीत ऐकणं, शब्दांचे खेळ खेळणं असे उद्योग करत राहिला. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ऐकलेलं-पाहिलेलं पुन्हा आठवण्याची क्षमता वाढली ती नवं काही शिकणाऱ्यांची. बाकीचे गट त्यांच्या मागे राहिले.

‘म्हातारपणी काहीतरी विरंगुळा हवा’ हे आपण सहज बोलून जातो. विरंगुळा म्हणजे मन रमवणं. मन रमलं तर चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. पण या प्रयोगात स्मरणशक्तीला हात दिला तो रमण्याने नव्हे, तर अडखळण्याने. येत असलेली शब्दकोडी सोडवताना मेंदू जुन्याच मळलेल्या वाटेने जातो. न येणारी गोष्ट शिकताना त्याला वाट पाडावी लागते. कलांचं वैशिष्ट्य हे, की त्यात ही वाट पाडण्याचं काम संपतच नाही. एक जमलं की पुढचं तयार.

जर्मनीत झालेला एक छोटा प्रयोगही त्याच दिशेने बोट दाखवतो. नुकत्याच निवृत्त झालेल्या २८ जणांचे दोन गट केले. एक गट दहा आठवडे स्वतः चित्रं काढायला शिकला. दुसऱ्याने तेवढाच काळ संग्रहालयात जाऊन चित्रं पाहिली आणि त्यावर चर्चा केली. आधी आणि नंतर मेंदूचं एमआरआय चित्रण केलं. आपण काहीच करत नसतो, नुसते आपल्याच विचारांत असतो, तेव्हा मेंदूतले काही भाग एकमेकांशी विशेष संपर्कात असतात. या भागांमधली जोडणी चित्र काढणाऱ्यांमध्ये वाढलेली दिसली, चित्रं पाहणाऱ्यांमध्ये तशी दिसली नाही. माणसं अवघी २८, तेव्हा यावर मोठी इमारत उभारू नये. मात्र पाहणं आणि करणं यांत मेंदूलाही फरक कळतो, एवढं म्हणायला हरकत नाही.

अभिनयाचंही तेच. मानसशास्त्रज्ञ हेल्गा नॉइस आणि त्यांचे नट-दिग्दर्शक पती टोनी नॉइस यांनी साठी ओलांडलेल्या लोकांना महिनाभर अभिनय शिकवला. यात घोकंपट्टी नव्हती. समोरच्या पात्राकडून आपल्याला काय हवंय, हे ठरवून वाक्य बोलायचं, एवढाच भर. शेवटी चाचणी घेतली तेव्हा या मंडळींची शब्द आठवण्याची आणि प्रश्न सोडवण्याची क्षमता, काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत सुधारली होती. पाठांतराचा सराव न करता पाठांतर सुधारलं! मन, शरीर आणि आवाज एकाच हेतूला जुंपले, की आठवण घट्ट बसते, असं त्यांचं म्हणणं.

आता नाच. इथे आधी एक भूत उतरवायला हवं. ‘नाचल्याने स्मृतिभ्रंशाचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो’ हा मजकूर तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. तो आकडा खोटा नाही, पण अर्धा आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ लोकांवर पाच-एक वर्षं लक्ष ठेवणारा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. शारीरिक हालचालींपैकी एकट्या नाचाचा असा संबंध दिसला. पण ७६ टक्क्यांच्या आकड्याला संशोधकांनीच जी अनिश्चिततेची मर्यादा जोडली होती, ती अशी: खरी घट ९४ टक्के असू शकते किंवा जेमतेम १ टक्काही. फोनवर फिरताना नेमकी ही ओळ गळून पडते. शिवाय स्मृतिभ्रंश निदान होण्याआधी कित्येक वर्षं आत शिजत असतो. ज्याची पावलं चुकायला लागली तो आपणहून नाच सोडतो. मग नाच सोडल्याने आजार झाला, की आजार सुरू झाल्याने नाच सुटला?

या पेचातून सुटायचं तर कोणी नाचायचं हे माणसांच्या आवडीवर न सोडता प्रयोगाने ठरवावं लागतं. जर्मनीतल्या माक्डेबुर्कच्या संशोधकांनी तसं केलं. साठी-सत्तरीतले काही जण दीड वर्ष नाच शिकले; बाकीच्यांनी तेवढाच काळ ताकद, दम आणि लवचीकपणा वाढवणारा नेहमीचा व्यायाम केला. नाचाच्या गटात पावलं, रचना, वेग सतत बदलत ठेवले, म्हणजे कुणी ‘पाठ झालं’ म्हणून सुटू नये. आठवणी साठवण्याच्या कामी येणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग उतारवयात हळूहळू आक्रसतो. दीड वर्षानंतर तो दोन्ही गटांत वाढलेला आढळला, नाचणाऱ्यांमध्ये थोड्या जास्त ठिकाणी. पण तोल सावरण्याच्या चाचणीत एकंदर गुण लक्षणीय वाढले ते फक्त नाचणाऱ्यांचे. शेवटपर्यंत टिकलेली माणसं २६ होती, हेही सांगायला हवं.

मला विचाराल तर यात मेंदूच्या आकारापेक्षा तोल ही मोठी बातमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. आपण उभे राहतो ते तीन खबऱ्यांच्या भरवशावर: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि तळपाय-घोट्यांतून येणारी जाणीव. वयाबरोबर तिघांच्याही बातम्या उशिरा आणि अस्पष्ट येऊ लागतात. सरळ रस्त्याने चालताना ते लक्षात येत नाही. नाचात मात्र एक पाऊल मागे टाकायचं असतं, तेही न बघता. वजन पूर्ण एका पायावर घेऊन दुसरा मोकळा करायचा असतो. गिरकी घेताना नजर फिरते आणि तरी समेवर पाय जागेवर यावा लागतो. अंधारात पायरी चुकल्यावर शरीराला जे अर्ध्या क्षणात करावं लागतं, त्याचीच ही तालीम.

पार्किन्सनच्या रुग्णांना याचा वेगळा उपयोग होतो. चालताना त्यांच्यातल्या अनेकांचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात, कारण आपोआप हालचाल सुरू करून देणारी मेंदूतली यंत्रणा दुबळी झालेली असते. बाहेरून ठेका मिळाला की पाऊल उचलायला दुसरा आधार सापडतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी रुग्णांना टँगो शिकवून पाहिला, कारण थांबणं, पुन्हा सुरू करणं, मागे चालणं आणि वळणं, म्हणजे नेमकं जे अवघड जातं तेच त्या नाचात पुन्हापुन्हा येतं. रुग्णांचा तोल सुधारला.

गाण्याबद्दल मात्र एक सुखद गैरसमज दूर करावा लागेल: गाण्याने स्मरणशक्तीही वाढते, हा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांतल्या ३९० जणांवर एक मोठा प्रयोग झाला. काही केंद्रांत समूहगान लगेच सुरू केलं, बाकीच्यांत सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनंतर गाणाऱ्यांचा एकाकीपणा कमी झाला होता, जगण्यातला रस वाढला होता. स्मरणशक्ती वा शारीरिक क्षमतेत लक्षणीय फरक पडला नव्हता. हा निकाल मला फार आवडतो, कारण तो मागे लपवलेला नाही. इंग्लंडमध्ये साठीपुढच्या २५८ जणांवर झालेल्या प्रयोगातही १४ आठवड्यांच्या गाण्याने चिंता आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. एकाकीपणा उतरणं ही किरकोळ बाब नव्हे. एकाकी माणसाचं आयुष्यमानही कमी भरतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

पण गाऊनच का? नुसतं भेटून का नाही? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाणं, हस्तकला आणि लेखन अशा प्रौढांच्या वर्गांची सात महिने तुलना केली. शेवटी सगळ्याच वर्गांत माणसं सारखीच जवळ आली. फरक होता तो सुरुवातीला: गाणाऱ्यांची गट्टी पहिल्या महिन्यातच जमली. एकत्र गाताना सगळ्यांना एकाच ठिकाणी श्वास घ्यावा लागतो, एकमेकांचा सूर ऐकून आपला जुळवावा लागतो. ओळख करून घेण्याचं अवघडलेपण त्यात विरून जातं. ज्याचा जोडीदार गेला आहे आणि अनोळखी लोकांत काय बोलायचं हे ज्याला सुचत नाही, त्याच्यासाठी हा आडमार्ग फार सोयीचा.

स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेल्या माणसालाही जुनं गाणं पूर्ण म्हणता येतं, हे घरोघरी पाहिलेलं असतं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या शास्त्रज्ञांनी २०१५मध्ये त्याचं एक संभाव्य कारण दाखवलं: ओळखीची गाणी मेंदूच्या ज्या भागांत नोंदलेली असतात, तिथे अल्झायमरची झीज तुलनेने उशिरा पोचते. गाण्याने आजार मागे फिरत नाही. नाव विसरलेल्या आईबरोबर दहा मिनिटं काहीतरी करता येतं, एवढं मात्र होतं.

नाटकाला, मैफलीला, संग्रहालयाला नुसतं जाणाऱ्यांचं काय? इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांचा १४ वर्षं मागोवा घेतला गेला. वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला. दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. पैसा, शिक्षण, आधीचं आजारपण यांचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला. तरीही ही निरीक्षणंच. गुडघे धड असलेला माणूसच नाट्यगृहाच्या पायऱ्या चढतो, आणि आकडेमोड कितीही केली तरी हा संशय पूर्ण फिटत नाही.

सुरुवात करणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच असते. संधिवाताने बोटं वळत नाहीत, गोंगाटात शिक्षकाचं बोलणं ऐकू येत नाही, चष्म्यातून सुईचं नेढं दिसत नाही. त्यावर उपाय असतात: जाड मुठीचे ब्रश, श्रवणयंत्र, खालची पट्टी, बसून करायचे नाच. जास्त जड जाते ती लाज. आयुष्यभर हाताखालच्या माणसांना शिकवलेल्या माणसाला वर्गात सगळ्यात वाईट चित्र आपलं आहे हे सोसत नाही. आणि शिकवणारेही कधी कधी फार गोड बोलतात. काहीही काढलं तरी ‘छान, छान’. त्यातून कौतुक मिळतं, शिकणं होत नाही.

गोधडीच्या वर्गात ही सोय नाही. कोपरे जुळले नाहीत तर ते सगळ्यांना दिसतं. उसवणीचं छोटं हत्यार हातोहात फिरत असतं, एकजण दुसऱ्याचा धागा धरून देतो. कधीतरी पहिला चौकोन चारही कोपऱ्यांत बरोबर बसतो. तो टेबलावर पसरून हाताने सपाट करून होतो न होतो, तोच बाई पुढचा नमुना समोर ठेवतात. त्यात शिवण गोलाईने घ्यायची असते.