जिमी फंड

मुलांच्या कर्करोगावरील, विशेषतः ल्युकेमियावरील (रक्ताच्या कर्करोगावरील) संशोधन व उपचारांसाठी अमेरिकेतील बॉस्टन येथे लोकवर्गणीतून उभा राहिलेला निधी.

स्थापनेचे वर्ष कोठे १९४७, तर कोठे १९४८ दिलेले आढळते. विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर यांची बालकर्करोग संशोधन संस्था १९४७ मधली. न्यू इंग्लंडमधील व्हरायटी क्लब या करमणूक-व्यावसायिकांच्या मंडळाने तिच्यासाठी पैसे जमवायचे मनावर घेतले होते. मात्र ‘जिमी’ हे नाव घरोघरी पोचले ते २२ मे १९४८ रोजी राल्फ एडवर्ड्‌स यांच्या रेडिओ कार्यक्रमातून. त्यामुळे निधीपुरते १९४८ हेच वर्ष धरणे सयुक्तिक वाटते.

त्या कार्यक्रमात बॉस्टन ब्रेव्ह्‌ज संघाचे बेसबॉलपटू एका बारा वर्षांच्या रुग्णाच्या खाटेभोवती जमले. मुलाला सामने पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच मिळावा, म्हणून श्रोत्यांना पैसे पाठवण्याचे आवाहन झाले. २ लाख ३१ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. ‘जिमी’ हे टोपणनाव. खरे नाव आयनर गुस्टाफसन. त्याला ल्युकेमिया नव्हता, आतड्याचा लिंफोमा (लसिका पेशींचा कर्करोग) होता; लोकप्रिय वृत्तांतांत हा भेद बहुधा पुसला जातो. तो दगावला असावा अशीच समजूत होती. प्रत्यक्षात तो बरा झाला होता आणि १९९८ मध्ये लोकांसमोर आला (मृत्यू २००१).

निधीमागचे शास्त्रीय कार्य याच सुमाराचे. फॉलिक आम्ल दिल्यास ल्युकेमिया बळावतो, असे फार्बर यांना आढळले होते. पेशीविभाजनाला आवश्यक अशा या जीवनसत्त्वाची नक्कल करून त्याचे कार्य रोखणारे ॲमिनोप्टेरिन हे द्रव्य लेडर्ली या अमेरिकी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. ते दिलेल्या १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. याविषयीचा फार्बर यांचा निबंध ३ जून १९४८ रोजी, म्हणजे रेडिओ कार्यक्रमानंतर १२ दिवसांनी छापून आला. देणगीदारांच्या हाती तेव्हा निष्कर्ष नव्हते, एका मुलाचा आवाज होता. सुधारणाही तात्पुरतीच होती, हे निबंधाच्या शीर्षकातच नमूद आहे. ॲमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली.

निधीची इमारत १९५२ मध्ये खुली झाली. ब्रेव्ह्‌ज संघ १९५३ मध्ये मिलवॉकीला गेल्यावर बॉस्टनच्याच रेड सॉक्स या बेसबॉल संघाने निधीला आपलेसे केले. टेड विल्यम्स या खेळाडूचा त्यात मोठा वाटा होता. मूळ संस्था १९८३ पासून डेना-फार्बर कर्करोग संस्था म्हणून ओळखली जाते.