औषध होण्याआधीच अँटीबॉडीची परीक्षा

नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हे आपल्या शरीरातलं प्रथिन वेदना वाढवतं. अँटीबॉडी म्हणजे ठरावीक लक्ष्याला पकडणारं प्रथिन. नर्व्ह ग्रोथ फॅक्टरला घट्ट धरून ठेवणारी एमईडीआय-१९१२ ही अँटीबॉडी मेडइम्यून या औषध कंपनीच्या संशोधकांनी बनवली होती. जुन्या एका अँटीबॉडीत फेरफार करून तिची पकड वाढवली होती. पण त्या नादात तिच्या पृष्ठभागावर पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीचे दुवे) आली. रेणू एकमेकांनाच चिकटू लागले आणि प्राण्यांच्या शरीरातून औषध फार लवकर नाहीसं होऊ लागलं. दोष निघाला तीन जागी: ट्रिप्टोफॅन, फेनिलॲलनिन आणि ल्युसिन या अमिनो आम्लांच्या. तिथे सेरीन आणि थ्रिओनिन बसवल्यावर रेणूंचं चिकटणं थांबलं, वेदनेच्या प्रथिनावरची पकड मात्र टिकली. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अँटीबॉडीला दोन सारख्या भुजा असतात. सुमारे १,३०० अमिनो आम्लांच्या रेणूत, दोन्ही भुजा धरल्या तरी, बदलली फक्त सहा!

हा दोष रेणू बनवण्याआधी, नुसता अमिनो आम्लांचा क्रम वाचून कळला असता का?

काही दोष थेट वाचता येतात. ॲस्परॅजिनच्या लगेच पुढे ग्लायसिन असेल, तर साठवणीत ॲस्परॅजिनचं रूप बदलण्याचा धोका असतो. अशी जोडी नेमकी लक्ष्याला धरणाऱ्या भागात आली, तर औषधाचा जोर कमी होऊ शकतो. ती संगणकाला चुटकीसरशी सापडते.

चिकटपणाचं तसं नाही. साखळीत एकमेकांपासून लांब असलेली अमिनो आम्लं घडी पडल्यावर शेजारी येतात, म्हणून आधी त्रिमितीय रचनेचा अंदाज बांधावा लागतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली पद्धत अशा रचनेवरून पाच गोष्टी मोजते: लक्ष्याला धरणाऱ्या वेटोळ्यांची लांबी, पाणी टाळणारे पट्टे, धन प्रभाराचे पट्टे, ऋण प्रभाराचे पट्टे आणि अँटीबॉडी ज्यांची बनते त्या जड आणि हलक्या साखळ्यांमधला प्रभाराचा असमतोल. मग हे आकडे मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या अँटीबॉडींशी ताडून पाहिले जातात. हा अंदाज लागतो कशासाठी? रुग्णाला घरच्या घरी त्वचेखाली टोचून घ्यायचं औषध साधारण एक-दोन मिलिलिटरमध्ये बसवावं लागतं, आणि मात्रा मोठी असली तर दर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमहून जास्त प्रथिन कोंबावं लागतं. इतक्या दाटीत रेणू एकमेकांना ओढू लागले, तर द्रव घट्ट होतो आणि बारीक सुईतून उतरत नाही.

आता भाषा-प्रारूपंही (लँग्वेज मॉडेल्स) आली आहेत; अमिनो आम्लांचा क्रम ती अक्षरांच्या मजकुरासारखा वाचतात. क्रमातली काही अक्षरं झाकून ती ओळखायला लावत त्यांना शिकवतात. त्यासाठी अँटीबॉडींचे अब्जावधी क्रम हाताशी आहेत. पण नैसर्गिक दिसणारी अँटीबॉडी बाटलीतही नीट राहील, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली मोजमापं लागतात, आणि खरी टंचाई तिथेच आहे. २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात १३७ अँटीबॉडींवर १२ चाचण्या केल्या होत्या. त्या सगळ्या मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत किंवा त्याही पुढे गेलेल्या, म्हणजे आधीच निवडून घेतलेल्या. बिघाड ओळखायला शिकायचं, तर बिघडलेल्या अँटीबॉडीही पाहायला मिळाल्या पाहिजेत. औषध कंपन्यांनी अर्ध्यावर सोडलेल्या अँटीबॉडींचे क्रम आणि त्यांची मोजमापं संशोधकांसाठी खुली करावीत, असं मला मनापासून वाटतं.