गतिरोधक मागायचा की उंच क्रॉसिंग?

नाशकात एखाद्या कॉलनीच्या तोंडावर अपघात झाला, की दुसऱ्या दिवशीची मागणी ठरलेली असते: "इथे स्पीड ब्रेकर टाका." मागणी रास्तच असते. पण पुष्कळदा त्या जागेला गरज असते उंचावलेल्या क्रॉसिंगची, ज्याला इंजिनिअर मंडळी 'टेबल टॉप' म्हणतात. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. रस्त्यावर उंचवटा, त्यावर पट्टे, आणि जवळ आल्यावर ब्रेक मारणारी गाडी. त्यामुळे लोक एकाऐवजी दुसरे मागतात आणि ठेकेदारही कधीकधी एकाऐवजी दुसरे करून मोकळा होतो.

गतिरोधकाचा संबंध फक्त गाडीच्या वेगाशी आहे. चालणाऱ्याच्या वाट्याला तिथेही तेच येते: फूटपाथवरून खाली उतरा, डांबर ओलांडा, पलीकडे पुन्हा चढा. उंच क्रॉसिंगवर फूटपाथ आपली पातळी न सोडता थेट पलीकडे जातो आणि चढउतार करावी लागते ती गाडीला. काठी टेकत निघालेल्या आजींना किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. चालकालाही समोरचा माणूस जरा उंचावर, स्पष्ट दिसतो.

आता मापे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलसर गतिरोधक गाडी जाते त्या दिशेने 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेगाने धक्का न बसता जाता यावे, असा त्यामागचा हिशेब आहे. असा गतिरोधक आपल्या गल्ल्यांत शोधूनच काढावा लागेल. दिसतो तो हातभर रुंदीचा डांबराचा उंच ढीग, नाहीतर बोल्टने ठोकलेल्या काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या, ज्यांतले दोन-चार तुकडे उखडलेले आणि बोल्ट तसेच वर आलेले. मोटारीचा धक्का तिचे सस्पेन्शन खाते. साध्या सायकलवर तो थेट मनगटाला आणि कंबरेला बसतो. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली याचा आपल्याला अभिमान आहेच, पण मला इथे आठवतो तो डबा लावून सातपूर-अंबडला पहिल्या शिफ्टला सायकलने जाणारा कामगार. त्याच्यासाठी कुणी काय बांधले, हे पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. पाणी वाहून जावे म्हणून गतिरोधकाच्या दोन्ही टोकांना फट सोडलेली असते. सगळ्या मोटारसायकली वेग कमी न करता त्या फटीकडे वळतात, म्हणजे नेमक्या पायी आणि सायकलने चाललेल्यांच्या अंगावर. रम्बलर, म्हणजे रस्त्यावर ओळीने टाकलेल्या बारीक आडव्या पट्ट्या, तर मला सायकलवाल्याला दिलेली शिक्षाच वाटते. चारचाकीत नुसता गडगडाट ऐकू येतो, हाडे खिळखिळी होतात ती सायकलवर.

उंच क्रॉसिंगची रचना वेगळी असते. वरचा भाग सपाट, दोन्ही बाजूंना सौम्य उतार आणि उंची फूटपाथएवढी. म्हणून फूटपाथच मुळात बेताचा हवा. मानकात त्याची कमाल उंची 15 सेंटिमीटर आहे. सपाट भाग लांब ठेवला तर सिटीलिंकची बसही आदळत नाही. सायकलही चढून, सरळ जाऊन, सावकाश उतरते. गाड्यांचा वेग इथेही उतरतो, आणि तो उतरायलाच हवा, कारण ताशी 50 ने येणाऱ्या गाडीतली ऊर्जा ताशी 30 ने येणाऱ्या त्याच गाडीच्या जवळजवळ पावणेतीनपट असते.

मग कुठे काय? कॉलेज रोडसारख्या रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंना दुकाने आणि दिवसभर मुलामुलींची ये-जा असते, तिथे उंच क्रॉसिंगच. तेही लोक मुळात जिथून ओलांडतात तिथे. आराखड्यात जागा मोकळी दिसली म्हणून पन्नास पावले पुढे केले, तर कुणी तिकडे फिरकणार नाही. इंदिरानगर किंवा सिडकोच्या आतल्या गल्लीत, जिथे फूटपाथच नाही, तिथे मापात केलेला गतिरोधक पुरे. सीबीएससारख्या वर्दळीच्या ठिकाणी नुसत्या उंचवट्यावर भागत नाही, सिग्नल लागतोच.

माझ्या मते या क्रॉसिंगची सगळ्यांत मोलाची जागा म्हणजे मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या आडव्या गल्लीचे तोंड. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रोड फूटपाथ आणि सायकल ट्रॅक धरून आखला गेला. पण ट्रॅक कितीही चांगला असो, दर गल्लीच्या तोंडाशी तो खाली उतरून तुटत असेल, तर वळणाऱ्या गाडीला ती जागा आपलीच वाटते. नेदरलँड्समध्ये अशा ठिकाणी फूटपाथ आणि सायकलमार्ग न तुटता पुढे नेतात. गल्लीतली गाडी त्यावर चढून, थांबून, मग बाहेर पडते. वळणावर वेग आपोआप मरतो.

उंच क्रॉसिंगची खरी दुखरी बाजू म्हणजे पाऊस. ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरीव असल्याने वाहत्या पाण्याला आडवा बांध होतो. जुन्या नाशकात गोदाकाठाकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर हे विसरलात, तर पहिल्याच मोठ्या सरीत वरच्या बाजूला डबके साचेल, आणि त्याचा दोष कामाऐवजी कल्पनेवर येईल. चढावाच्या बाजूला जाळीचे चेंबर किंवा क्रॉसिंगखालून पाइप हवा.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते उकरले जात आहेत, तेव्हा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज देणाऱ्यांनी नुसते 'गतिरोधक बसवावा' लिहू नये. 'फूटपाथच्या पातळीचे, सपाट माथ्याचे पादचारी क्रॉसिंग, पाण्याच्या निचऱ्यासह' असे लिहावे, आणि लोक नेमके कुठून ओलांडतात त्या जागेचा फोटो जोडावा.