सिझेरियन प्रसूतीचा मेडिक्लेम: पात्रता, बिलातील नोंदी आणि कागदपत्रे

सिझेरियनचा खर्च विम्यातून मिळेल का, हा प्रश्न बहुतेक घरांत सातव्या-आठव्या महिन्यात निघतो. खरे तर तो पॉलिसी घेतानाच विचारायचा असतो. वैयक्तिक मेडिक्लेममध्ये प्रसूती हा सहसा वगळलेला खर्च असतो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांपैकी अठराव्या अपवादात बाळंतपण, त्यातील गुंतागुंत आणि सिझेरियन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा तेवढी त्यातून सोडलेली आहे. त्यामुळे वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीचे संरक्षण मुद्दाम समाविष्ट केलेले असेल आणि त्याची प्रतीक्षा मुदत (पॉलिसी घेतल्यापासून हे संरक्षण लागू होईपर्यंतचा काळ) पूर्ण झालेली असेल, तरच क्लेम उभा राहतो. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत ही मुदत बहुधा माफ असते, संरक्षण सहसा पहिल्या दोन अपत्यांपुरते असते आणि सिझेरियनसाठी वेगळी कमाल मर्यादा लिहिलेली असते. विमा रक्कम ५ लाख असली तरी प्रसूतीची मर्यादा ७५ हजार असू शकते, म्हणून एचआरकडून पॉलिसीचे ते पान आधीच मागवून घ्यावे.

तारीख ठरलेल्या सिझेरियनसाठी दोन-तीन दिवस आधी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचे काम पाहणारा कक्ष) विमा कार्ड, आधार, सोनोग्राफीचे रिपोर्ट, गर्भारपणातील तपासण्यांची फाइल आणि भरती होण्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याच्या) पूर्वमंजुरीवर विमा कंपनीने एका तासात, तर डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे, आणि त्यापुढील उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावल्यास तो कंपनीने सोसायचा आहे.

क्लेम सर्वाधिक अडतो तो मात्र कोडिंगच्या, म्हणजे निदान व उपचारांना ठरावीक सांकेतिक क्रमांक देण्याच्या टप्प्यावर. क्लेम फॉर्मचा भाग अ विमाधारकाने भरायचा असतो आणि भाग ब रुग्णालयाने. या भाग ब मध्ये भरतीचा प्रकार ‘मॅटर्निटी’ असल्यास प्रसूतीची तारीख व गर्भधारणेचा क्रमांक, तसेच निदान आणि शस्त्रक्रिया यांचे आयसीडी-१० (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) कोड लिहायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणात ओ ८२.० म्हणजे नियोजित सिझेरियन आणि ओ ८२.१ म्हणजे तातडीचे सिझेरियन. परंतु त्याच वर्गीकरणाचा नियम असा आहे की प्रसूतीच्या पद्धतीचा हा कोड मुख्य निदान म्हणून फक्त तेव्हाच वापरायचा, जेव्हा गर्भारपणाशी संबंधित दुसरी कोणतीही स्थिती नोंदलेली नसेल. आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल तर ओ ३४.२, बाळ पायाळू असेल तर ओ ३२.१, प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) असेल तर ओ १४ हे मुख्य निदान ठरते आणि ओ ८२ त्याच्या जोडीला येतो. एक जिवंत अपत्य झाल्याची नोंद झेड ३७.० ने होते. आमच्या घरातील एका क्लेममध्ये डिस्चार्ज समरीवर ‘एलएससीएस केले’, म्हणजे सिझेरियन केले, एवढेच लिहिलेले होते. सिझर का करावे लागले याचा एक शब्दही नव्हता, आणि तेवढ्यावरून कंपनीची क्वेरी, म्हणजे खुलाशाची मागणी, आली. डॉक्टरांनी दोन ओळींचे पत्र दिल्यावरच ती मिटली.

गर्भधारणेचा क्रमांकही बारकाईने पाहावा. केसपेपरवर ‘जी३ पी१ एल१ ए१’ असे लिहिलेले असेल तर ही तिसरी गर्भधारणा आहे, आधी एक प्रसूती झाली आहे, एक मूल हयात आहे आणि एक गर्भपात झाला आहे. म्हणजे येणारे बाळ दुसरे आहे. फॉर्मवर नुसता ३ हा आकडा गेला तर दोन अपत्यांच्या अटीवर बोट ठेवले जाऊ शकते. दुसऱ्या सिझरच्या वेळी कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही उरकून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. नसबंदी मात्र सतराव्या प्रमाणित अपवादात मोडते, म्हणून त्याचा आकार बिलात स्वतंत्र ओळीवर दाखवायला सांगावे.

खोलीची निवड हा दुसरा महागडा मुद्दा आहे. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये असताना ६,००० ची खोली घेतली, तर प्रमाणशीर कपातीची अट असलेल्या पॉलिसीत सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांच्या ६०,००० रुपयांच्या आकारापैकी ४०,००० च ग्राह्य धरले जातात. औषधे, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचे वैद्यकीय साहित्य) आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, आणि बिलाच्या ब्रेकअपमध्ये ती वेगळी दाखवलेली असतील तरच हे सिद्ध करता येते. शिवाय अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. सॅनिटरी पॅड, डायपर, पोटाचा पट्टा, बेबी फूड यांचे पैसे सहसा स्वतःच भरावे लागतात.

बाळाला कावीळ होऊन फोटोथेरपी लागली किंवा काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर त्याचे केसपेपर व बिल आईच्या नावाने ‘बेबी ऑफ’ असे वेगळे निघते. ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून बाळाला संरक्षण असले तरी ठरलेल्या मुदतीत एचआरला कळवून त्याचे नाव जोडावे लागते. जन्माची नोंद २१ दिवसांत झालेली असावी.

डिस्चार्जनंतरच्या तपासण्या, टाके दाखवणे, सहाव्या आठवड्याची भेट (नेहमीच्या प्रसूतीपश्चात तपासणीचा कोड झेड ३९.२) हे सारे मुख्य क्लेममध्ये आपोआप येत नाही. काही पॉलिसींत प्रसूतीपूर्व व प्रसूतीपश्चात ओपीडीसाठी छोटी स्वतंत्र मर्यादा असते, ती असल्यास प्रत्येक पावतीबरोबर त्या तारखेची चिठ्ठी जोडावी. टाक्यांत पू होऊन पुन्हा भरती व्हावे लागले, तर ती ओ ८६.० ची नवी भरती असते. तिचा खर्च प्रसूतीच्या मर्यादेतून जाणार की मूळ विमा रकमेतून, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरते आणि ते लेखी विचारून घ्यावे.

कॅशलेस न मिळाल्यास प्रतिपूर्तीसाठी दोन्ही भाग भरलेला फॉर्म, मूळ डिस्चार्ज समरी, ब्रेकअपसह अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिले चिठ्ठ्यांसह, सर्व रिपोर्ट, पॅन, आधार आणि रद्द केलेला धनादेश असा संच पॉलिसीतील मुदतीत द्यावा. इंडोअर केसपेपर (भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदी) मागाहून मागितले जातात, त्यामुळे त्यांच्या प्रती डिस्चार्जच्याच दिवशी मागून ठेवाव्यात. मूळ कागद देण्यापूर्वी सगळ्यांचे स्कॅन काढावेत.

क्लेम नाकारल्यास कंपनीने पॉलिसीतील नेमके कलम लेखी दाखवणे बंधनकारक आहे. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) विनामूल्य तक्रार करता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत.